दारावरचा प्रश्न आणि अर्धा चहा

भिवंडीला हवापालटासाठी कोणी जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. सहामाही परीक्षेचे पेपर तपासून संपले आणि मी चार-पाच दिवस भिवंडीला जाते म्हटलं, तेव्हा आमच्या कराडच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीत हशाच पिकला. एकीने विचारलं, "महाबळेश्वर इतकं जवळ असताना?" दुसरे म्हणाले, "येताना दोन-चार ताके कापड आणा, पडदे शिवू." मी हसून सोडून दिलं. परत आल्यापासून मात्र हीच मंडळी मधल्या सुट्टीत मला गाठून "मग पुढे काय झालं?" विचारत असतात. रोज थोडं थोडं सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते.

जायचं कारण नलिनी. पुण्याला बी.एड. करताना वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. लग्न होऊन ती भिवंडीला गेली आणि तिथल्याच एका शाळेत शिकवू लागली. यंदा, म्हणजे शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात, तिचं कार्ड आलं: "मला एक भाषण करायचं आहे आणि डोकं चालत नाही. तुझ्या वह्या आणि चारही पेनं घेऊन ये."

चार पेनांबद्दल सांगायला हवं. मी टिपणं काढते. व्याख्यान असो, कीर्तन असो, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य असो, माझी वही उघडी असते. निळी शाई मूळ मुद्द्याला, तांबडी व्याख्येला, हिरवी उदाहरणाला आणि जांभळी माझ्या स्वतःच्या मताला. मुलांना मी हीच पद्धत शिकवते आणि कॉलेजात तिला माझ्याच नावाने ओळखतात. जांभळी शाई सगळ्यांत कमी खपते, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण माझी मतं मोजकी असतात, असा मी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला होता.

कोन ओलांडल्यावर

कल्याणहून रिक्षा केली. कोन गाव मागे पडेपर्यंत खाडीचा खारट, चिखलाचा वास बरोबर होता. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहून विचारलं, "बाई, पहिल्यांदा आलात वाटतं?"

"हो. कसं ओळखलंत?"

"काय?"

"म्हटलं, कसं ओळखलंत?"

"हेच की! हळू बोलता. इकडं असं बोलून चालत न्हाय."

थोड्या वेळाने त्याचं म्हणणं पटलं. आधी लांबून, मग जवळून आणि मग चारही बाजूंनी यंत्रमागांची खटाखट सुरू झाली. आमच्याकडे पावसाळ्यात कृष्णेचा आवाज असतो, पण तो निदान एका दिशेने येतो. इथे भिंती वाजत होत्या. कोऱ्या कापडाचे ताके रचलेल्या हातगाड्या वाट काढत होत्या आणि रस्त्याकडेच्या खिडक्यांच्या जाळ्यांवर कापसाचा पांढरा भुगा बसला होता. पहिला तासभर मला वाटत होतं की या गावात सगळे एकमेकांशी भांडतायत. मग कळलं, ते एकमेकांची विचारपूस करत होते.

भिवंडीच्याच टेमघर भागात नलिनीचं घर. पुढे ओटा, आत चार खोल्या, आणि मागची भिंत शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला लागून. ओट्यावर खुर्ची टाकून पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हे आप्पा, नलिनीचे सासरे, पोस्टातून निवृत्त झालेले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी "या, या" म्हणत माझी बॅग घेतली, पण मला मात्र दारातच थांबवलं.

दाराशेजारी खिळ्याला शाळेतली एक दगडी पाटी टांगली होती. तिच्यावर खडूने लिहिलं होतं: 'ऐकलेलं आपलं कधी होतं?'

"आधी ह्याच्यावर काहीतरी बोला," आप्पा मोठ्याने म्हणाले. "मग चहा."

आतून नलिनी ओरडली, "आप्पा, ती कराडहून आलीय हो, बसू तर द्या तिला!"

"पोस्टमनला सूट नाही, मग पाहुण्यांना कशी?"

मी काही परीक्षेला घाबरणारी नव्हे. श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तीन पायऱ्या मी वर्गात सांगते तशा घडाघडा सांगून टाकल्या. आप्पांनी कानामागे हात धरून सगळं नीट ऐकलं. मान डोलावली. "फार छान," म्हणाले आणि आत वळून हाक मारली, "नलू, बाईंना अर्धा कप दे!"

चहा खरोखरच अर्धा आला. नलिनी हसू दाबत होती. "वाईट वाटून घेऊ नकोस, सुमे. आप्पांच्या सख्ख्या जावयालाही कालपर्यंत अर्धाच मिळत होता."

पाटीचा रिवाज

जेवताना सगळा उलगडा झाला. तव्यावरून थेट ताटात येणारे कुरकुरीत बोंबील आणि तांदळाची भाकरी असा बेत होता. आम्ही ज्वारीची भाकरी मोडून खाणारी माणसं, ही पांढरी मऊ भाकरी मी पोळीसारखी दुमडायला गेले तर नलिनीचा नवरा विलास, जो बँकेत असतो आणि एरवी फारसा बोलत नाही, तो म्हणाला, "वहीसारखी घडी घालू नका, ताई. खा."

टेमघरच्या बौद्ध वस्तीत, त्याच लूमच्या दुसऱ्या भिंतीला लागून, एक छोटा विहार आहे. वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, तिथे शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी वंदना होते आणि मग आप्पा ग्रंथ वाचतात. हे बाकीच्या गावांतही होतं. पाटी मात्र इथलीच. आठवडाभराच्या वाचनातून जो प्रश्न कोणाला सुटला नाही तो रविवारी पाटीवर लिहायचा आणि पाटी एका घराला द्यायची. ते घर ती दाराशी टांगतं. जो कोणी येईल, मग तो दूधवाला असो नाहीतर जावई, त्याने चहाआधी प्रश्नावर दोन शब्द बोलायचे. स्वतःचं काही बोलला तर पूर्ण कप. उसनं बोलला तर अर्धा. निवाडा घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने करायचा. आणि कोणाचं उत्तर लिहून ठेवायचं नाही. पुढच्या रविवारी त्या घरातल्या एकाने विहारात उभं राहून, हातात कागद न घेता, आठवड्यात त्या प्रश्नाचं काय झालं ते सांगायचं. शेवटची पाटी ज्या घरी असेल, ते घर समारोपाच्या पौर्णिमेला सगळ्यांसमोर बोलतं. यंदा ते घर नलिनीचं, हे आधीपासून ठरलेलं होतं.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

अडलं होतं अनंतपाशी. अनंत हा गल्लीतला रेडिओ-टेप दुरुस्त करणारा तरुण, मनाने चांगला, तरुण मंडळाचा अध्यक्ष. त्याचं म्हणणं असं की आप्पांचा आवाज आता थकला आहे, शेजारच्या लूमपुढे टिकत नाही, मागे बसलेल्यांना निम्मं कळत नाही. मुंबईहून चांगल्या आवाजात वाचलेल्या ग्रंथाच्या कॅसेट आणाव्या, लाऊडस्पीकरवर लावाव्या, म्हणजे घरी भाकऱ्या थापतानाही सगळ्यांना ऐकू येईल. पाटी बिटी पोरखेळ आहे, हेही त्याने जाता जाता म्हटलं होतं. बऱ्याच जणांना ते पटलंही होतं. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की पौर्णिमेचं बोलणं ऐका. पाटीने काही घडलंय असं वाटलं तर पुढच्या वर्षी माझ्या जागेवर नलू बसेल आणि पाटी राहील. नाही वाटलं तर कॅसेट आणा, मीच बटण दाबतो.

"मला ती जागा हवी आहे, सुमे," नलिनी म्हणाली. "उगाच नको नको म्हणणार नाही मी. लग्न होऊन आले तेव्हापासून आप्पांच्या शेजारी बसून पानं उलटतेय. पण रविवारपासून प्रश्न दारावर आहे आणि माझ्या डोक्यात एक वाक्य नाही."

"एवढंच ना?" मी म्हटलं आणि बॅगेतून वही काढली.

पडद्याआड

दुसऱ्या दिवशी मी रिवाज मोडला, पण मी पाहुणी होते आणि पाहुण्यांना रिवाज लागू आहे असं कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीच्या पडद्यामागे स्टूल टाकून बसले आणि ओट्यावर जो जे बोलेल ते टिपत गेले. आप्पांना कमी ऐकू येत असल्याने सगळे ओरडूनच उत्तरं देत होते. टिपणं काढणाऱ्याची यापेक्षा मोठी सोय कुठे असणार?

दूधवाला म्हणाला, "ऐकलेलं आपलं होतं ते दुसऱ्याला सांगितल्यावर." पूर्ण कप. नलिनीची एक सहशिक्षिका म्हणाली, "आचरणात आणल्यावर." अर्धा. ती रुसली. मागच्या भिंतीपलीकडच्या लूमचे मालक इस्माईलभाई, आप्पांचे जुने स्नेही, नानखटाईचा पुडा घेऊन आले. पाटी वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. "सुना हुआ अपना कब होता है? अरे आप्पा, हमारे यहाँ तो सुनाईच नाही देत! मशीनपुढे आधी ऐकू तर येऊ द्या, अपना-पराया बादमें!" आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पूर्ण कप, वर दोन नानखटाया त्यांच्याच पुड्यातल्या.

संध्याकाळपर्यंत माझी पानं भरली. मी उत्तरांचे गट पाडले, गटांना नावं दिली, नावांना क्रमांक दिले आणि रंगीत रेघा ओढल्या. वही इतकी देखणी दिसत होती की मीच दोनदा लांब धरून पाहिली. नलिनीने ती वाचली आणि तिचा चेहरा आणखी पडला.

"आता माझ्याकडे सगळ्यांची उत्तरं आहेत," ती म्हणाली. "माझं ठेवायला जागाच राहिली नाही."

"पाठ कर," मी म्हटलं. "पाठ झालं की आपोआप आपलं होतं."

हे मी पाटीच्या सावलीत बसून म्हटलं आणि मला काहीही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी विहारात गेले. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मागे पुरुष, कडेला पोरंसोरं. वंदना झाली. आप्पांनी ग्रंथ उघडला. मी वही उघडली. त्यांनी एक ओळ वाचली, थांबले, आणि तीच ओळ परत वाचली. मग पुढची ओळ, थांबणं, परत तीच ओळ. मला वाटलं, चुकून होतंय. पण पानभर तसंच. शेजारच्या बाईंना विचारलं तर त्या माझ्या कानात ओरडल्या, "लूममुळं! पहिल्या डावाला न्हाय ऐकू येत, म्हणून!" ते पटण्यासारखं होतं. टिपणं काढणारीला मात्र याचा फार वैताग येतो. पहिल्या वाचनातच माझं लिहून झालेलं असायचं आणि दुसऱ्या वेळी मी शाई वाळवत बसायचे.

रात्रीच्या स्वयंपाकाआधी नलिनी गच्चीवर सराव करायची. लूमच्या आवाजावर आवाज चढवून ती माझे मुद्दे ओळीने म्हणायची: पहिला, दुसरा, तिसरा. एकही चूक नाही. मी खूश, आणि ती मात्र मान हलवत जिना उतरायची. आवाज तेवढा छान मोकळा झाला होता.

वळ

मधल्या एका दिवशी शाळेला सुट्टी होती. नलिनी म्हणाली, डोक्याला जरा वारा लागू दे, आणि आम्ही वळ गावी गेलो. तिथे जनाबाई म्हणून एक बाई आहेत, घरची भातशेती आणि भाजीचा व्यापार. त्यांची मुलगी नलिनीच्या वर्गात होती, तेव्हापासूनचा घरोबा. गावाबाहेर आलं आणि कानातून काहीतरी काढून घ्यावं तसा तो आवाज गेला. भात पिवळं पडायला लागलं होतं, बांधावर बगळे उभे होते आणि ऑक्टोबरचं ऊन असलं तरी वारा होता. आमच्याकडच्या उसासारखं हे शेत माणसाला लपवत नाही. लांबून येणारं माणूस कमरेपासून वर सबंध दिसतं.

जनाबाईंनी आम्हाला लांबूनच पाहिलं. "आयलीव का गो? बसा. जेवल्याबिगर न्हाय सोडणार!"

सुकटीचं कालवण झणझणीत होतं. मी घाईने घास घेतला आणि नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जनाबाईंनी माझ्या ताटात भात वाढला आणि पाठीवर थोपटलं. "हलू खा, बाय. कोनी मागं न्हाय लागलंय."

नलिनीने त्यांनाही प्रश्न सांगितला. पाटी जवळ नसली तरी प्रश्न तिच्या मागे लागलेलाच होता.

जनाबाई खो खो हसल्या. "ऐकलेलं समदं आपलं कशाला व्हाला पायजे गो? माजी सासू बोलायची, ह्ये कर, त्ये नको करू, बाजारात एकटी नको जाव. समदं ऐकलं असतं तं मी आज चुलीपुढंच बसले असते. आर्धं ऐकलं, आर्ध्यावर भांडले. आन तुला सांगते, भांडले तेवढंच ध्यानात हाय. बाकीचं काय बोलली म्हातारी, द्येवाला ठावं."

मी वही काढणार तोच त्यांनी माझ्या हातात पापलेटाचा तुकडा ठेवला. तेलकट हातांनी लिहिता येत नाही, त्यामुळे जनाबाईंचं बोलणं माझ्या वहीत नाही. जसंच्या तसं लक्षात आहे, हेही नमूद करते. परतीच्या वाटेवर नलिनी भाताकडे बघत चालली होती. मी दोनदा मुद्दे उजळायला सांगितले, तर म्हणाली, "थांब गं जरा."

पौर्णिमा, शुक्रवार

समारोपाची पौर्णिमा शुक्रवारी आली. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, आठवड्याची सुट्टी, आणि एरवी त्या दिवशी विहारात वाचनही नसतं. सगळ्यांना आनंद झाला होता की त्या दिवशी कोणाची ड्युटी नाही, पोरंबाळं धरून सगळे येतील. अनंतने स्पीकर बांधला होता, बायकांनी खिरीचं मोठं पातेलं चढवलं होतं. तयारीत काही म्हणता काही राहिलं नव्हतं. फक्त लूम बंद म्हणजे आवाज बंद, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. जन्मभर त्या खटाखटीत राहिलेल्या माणसांना ती ऐकूच येत नाही, मग ती नसणार हे तरी कसं सुचावं? मला सुचायला हवं होतं. पण माझ्या वहीत 'आवाज' असा मथळा नव्हता.

दुपार कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. गल्लीत अशी शांतता होती की खिरीत डाव फिरल्याचं ऐकू येत होतं. अनंत माइकवर आला आणि रोजच्या सवयीने ओरडला, "हॅलो!" स्पीकर असा किंचाळला की दोन पोरं रडायला लागली आणि पिंपळावरचे कावळे उठले. हशा झाला. अनंतने घाईने माइक बंद केला. मग आप्पांनी शेवटचं पान वाचलं आणि नलिनीला हाक मारली.

नलिनी पाटीशेजारी उभी राहिली. पांढऱ्या साडीत ती फार छान दिसत होती.

"पहिला मुद्दा!" ती गच्चीवरच्या आवाजात कडाडली. पहिल्या रांगेतली म्हातारी दचकून मागे झाली. लोक पुन्हा हसले. नलिनीने आवाज उतरवला, पण आवाज उतरला तसे मुद्देही उतरले. दुसरा मुद्दा अर्धा आला. तिसरा आलाच नाही. ती थांबली. एरवी लूम चालू असते तर कोणाला कळलंही नसतं. लोकांना वाटलं असतं, बोलतेय पण ऐकू येत नाही. आज ते थांबणं सगळ्या विहाराने ऐकलं. अनंतने मान खाली घातली. त्याला जिंकायचं होतं, पण असं नव्हे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

माझी वही पिशवीत होती. तिसरा मुद्दा कुठल्या पानावर आहे ते मला न बघता सांगता आलं असतं. मी पिशवीत हात घातला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. इस्माईलभाई चपला काढून उंबऱ्याशी उभे होते. सुट्टी असल्याने ऐकायला आले होते. "बीचमें बोलतो, माफ करा," ते म्हणाले. "आप्पा, एवढी वर्षं भिंतीच्या पलीकडे आहे, पण तुम्ही काय पढता ते आज पहिल्यांदा ऐकलं. फार अच्छा लगा. पण एक सांगा. आज तर मशीन बंद हाय. फिर भी हर लाइन दो-दो बार क्यूँ पढ़ी?"

सगळे चमकले. मग एकमेकांकडे पाहायला लागले. खरंच की! आप्पांनी आत्ताच सगळं पान दोनदा वाचलं होतं आणि विहारातल्या एकालाही ते खटकलं नव्हतं. आप्पा स्वतःच चक्रावले. "वाचलं का दोनदा?" त्यांनी नलिनीला विचारलं आणि कानामागे हात धरला.

नलिनी हसली. भिवंडीला आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"वाचलंत आप्पा," ती म्हणाली, अगदी घरातल्या आवाजात. "आणि मला आत्ता कळलं की मी दुसऱ्या वेळी काय करते. पहिल्यांदा ओळ येते ती तुमची असते. मग तुम्ही थांबता. तेवढ्यात मी मनात म्हणते, हे काही बरोबर नाही. किंवा म्हणते, हो, आमच्या आईचं असंच होतं. मग तीच ओळ परत येते आणि ती आधीसारखी नसते, कारण मधे मी काहीतरी बोललेली असते. परवा वळच्या जनाबाई मला म्हणाल्या, सासूशी भांडले तेवढंच ध्यानात आहे. मी आठवडाभर ह्या पाटीवर उत्तर शोधत होते. सुमनने मला सगळ्या गावाची उत्तरं लिहून दिली, इतकी सुंदर की मला भांडायला जागा मिळेना. ऐकलेलं आपलं कधी होतं, ते मला पुरतं नाही सांगता येणार. पण कुठे होतं ते सांगते. दोन वाचनांच्या मधे होतं. ती जागा लूमवाल्यांनी आपल्याला दिली. आप्पांनी ती त्यांच्या सुट्टीच्या दिवशीही सोडली नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे ऐकत होते. मी पिशवीतला हात बाहेर काढला.

अनंत उठला. मला वाटलं आता वाद होणार. "वहिनी," तो म्हणाला, "कॅसेटपण मागं घेऊन परत ऐकता येते."

"येते ना," नलिनी म्हणाली. "तू घेतोस?"

अनंतने डोकं खाजवलं. "गाण्याची घेतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि विहार असा हसला की खिरीजवळच्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या. अनंतही हसला. मग त्यानेच स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली. "वंदनेला लावू," तो म्हणाला. "वाचनाला नको."

आप्पांनी पुढे काही भाषण केलं नाही. ते आपल्या बैठकीवरून सावकाश उठले, नलिनीचा हात धरून तिला तिथे बसवलं, ग्रंथ तिच्यासमोर सरकवला आणि स्वतः खाली, तिच्या शेजारी, पानं उलटायच्या जागी बसले. नलिनीने शेवटचा परिच्छेद वाचला. एक ओळ. थांबली. तीच ओळ. मला भरून आलं, आणि मी त्याचं काही टिपण केलं नाही.

आमच्याकडे त्या रात्री कोजागिरीचं दूध आटवतात. इथे दिवसाउजेडी खीर झाली आणि ती मी दोन वाट्या खाल्ली. इस्माईलभाईंनीही.

निघताना

शनिवारी सकाळी लूम पुन्हा सुरू झाले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. नलिनीने माझी वही मागून घेतली. म्हणाली, आता वाचते, आता भीती नाही. ती ओट्यावर बसून एकेक पान सावकाश वाचत गेली, काही ठिकाणी थांबून मान हलवत होती, काही ठिकाणी "छे!" म्हणत होती. मग तिने हात पुढे केला. "ते जांभळं पेन दे."

समासातल्या तिच्या जांभळ्या ओळी आता माझ्याकडे आहेत. माझ्या सगळ्या वह्यांत तेवढीच वही मी पुन्हा वाचली आहे, आणि तीही कराडला आल्यावर दोनदा. टिपणं वाईट असतात असं मला कोणी पढवू नये. त्या वहीवाचून मला हे लिहिता आलं नसतं. पण हल्ली वर्गात मी मुलांना लिहून झाल्यावर पेन खाली ठेवायला लावते आणि तेच वाक्य परत म्हणते. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

निघायची वेळ झाली. पाटी पुढच्या आषाढापर्यंत वाचणाऱ्याच्या घरी राहते, आणि तिच्यावरचा नवा प्रश्न वाचणाऱ्यानेच घालायचा. आप्पांनी खडू नलिनीला दिला. तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली, वाळू दिली आणि लिहिलं: 'काय विसरलेलं बरं?'

रिक्षा दारात उभी होती आणि कल्याणच्या गाडीला फार वेळ नव्हता. आप्पा खुर्ची सरसावून बसले. "हां बाई. चहा घेऊन जा. बोला."

नलिनीने प्रश्न मोठ्याने वाचला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, दोन पोटमुद्द्यांसह. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

"नलू," मी म्हटलं, "परत एकदा वाच."

तिने वाचलं. मी ओट्यावर बसले. रिक्षा वाट पाहून निघून गेली.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत वळून लूमच्या वर आवाज काढला, "विलास, बाईंना पूर्ण कप आण रे!"